हकीम आज खेळला असता तर

सराव संपवून मुलं पाणी प्यायला बसली की एक वाद हमखास पेटतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले जुने धिप्पाड सेंटर आजच्या खेळात टिकले असते का? मुलांचं उत्तर ठरलेलं असतं. "नाही मॅडम, त्यांना थ्री मारता येत नव्हता. स्टीफन करीनं त्यांना नाचवलं असतं." मोबाइलवर जेवढं पाहिलं तेवढ्यावर हे मत बनलेलं असतं आणि ते अगदीच निराधारही नाही. पण मी स्वतः विद्यापीठाच्या संघात सेंटर खेळले आहे, बोर्डाखाली कोपरं खाल्ली आहेत आणि आता इतकी वर्षं हाच खेळ शिकवते आहे. मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर सांगते.

ज्यांनी हा खेळ लांबूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच खेळाडू. त्याची जागा रिंगजवळ, आम्ही मैदानावर ज्याला 'डी' म्हणतो त्या रंगवलेल्या भागाच्या कडेला. रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. सात फुटी माणसानं नुसता हात वर केला तरी तो जवळपास तिथं पोचतो. त्यामुळे या खेळाच्या इतिहासात कितीतरी नियम या एका माणसाला आवरण्यासाठी केले गेले. ६ फूट १० इंच उंचीचा जॉर्ज मायकन मिनियापोलिस लेकर्सकडून खेळायचा. तो रिंगखाली ठाण मांडून बसतो म्हणून १९५१ मध्ये एनबीएनं डीची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. मग विल्ट चेंबरलेन आला, तेव्हा १९६४ मध्ये ती १६ फूट झाली. करीम अब्दुल-जब्बार कॉलेजात असताना, १९६७ मध्ये, कॉलेजच्या सामन्यांत डंक करायलाच बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली.

आणि मायकनचं पुढचं आयुष्य पाहा. १९६७ मध्ये एबीए नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली, तिचा पहिला कमिशनर तोच. त्या लीगनं पहिल्या मोसमापासून तीन गुणांची रेषा आखली आणि १९७९ मध्ये एनबीएनंही ती स्वीकारली. तिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण; मुलं म्हणतात तो थ्री हाच. सेंटरची सद्दी ज्या रेषेनं मोडली असं आपण म्हणतो, ती व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये रुजवणारा माणूस स्वतः सेंटर होता. त्याच्या नावाचा सराव मी आजही नव्या मुलांना देते. रिंगच्या उजव्या बाजूनं उजव्या हातानं लेअप, चेंडू जाळीतून पडताना खांद्याच्या खाली न नेता पकडायचा, एक पाऊल, डाव्या बाजूनं डाव्या हातानं लेअप, पुन्हा उजवीकडे. हे मायकन ड्रिल. दोन मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. सेंटरचा खेळ उंचीइतकाच पायांचा असतो, हे मुलांना पहिल्यांदा तिथं कळतं.

आता मुलांच्या मुद्द्याकडे वळते. रेषा आली त्या पहिल्या मोसमात एनबीएचे संघ एका सामन्यात सरासरी तीन थ्रीसुद्धा मारत नव्हते. आज एकेक संघ पस्तीसच्या वर मारतो. यामागचं गणित सरळ आहे. थ्री १०० पैकी साधारण ३६ वेळा आत जातो, म्हणजे १०० शॉटमागे १०८ गुण. रिंगपासून पंधरा फुटांवरचा दोन गुणांचा शॉट ४२ वेळा गेला तरी ८४ च गुण. सेंटरनं रिंगकडे पाठ करून (याला पोस्ट-अप म्हणतात), दोन-तीन धक्के देऊन एका हातानं डोक्यावरून मारलेला हुक निम्म्या वेळा गेला तर १००. संघांच्या कचेऱ्यांमध्ये हा हिशेब मांडला गेला आणि चेंडू आत देणं हळूहळू बंद झालं. २०१२ मध्ये एनबीएनं ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेवरून 'सेंटर' ही जागाच काढून टाकली.

पण हाच हिशेब जरा पुढे नेऊ. करीमनं आपल्या २० मोसमांच्या कारकिर्दीत १०० पैकी जवळपास ५६ शॉट घातले. म्हणजे ११२ गुण. शाकील ओ'नीलचे ५८. म्हणजे ११६. हे दोघं आजच्या सरासरी थ्रीपेक्षा जास्त देत होते आणि वर समोरच्या सेंटरला फाऊलमध्ये अडकवत होते, ते वेगळंच. हिशेबात मेला तो सरासरी सेंटरचा पोस्ट-अप. थोरांचा मेला नव्हता. मुलांनी मला फळ्यावर हे मांडायला लावलं होतं आणि त्यानंतर वाद बराच वेळ शांत राहिला.

हल्ल्याच्या बाजूनं मला खरी अडचण नियमांतली दिसते. २००१ पर्यंत एनबीएमध्ये चेंडू नसलेल्या आपल्या खेळाडूला सोडून मध्येच कुठेतरी थांबून राहायला बंदी होती. म्हणजे झोन बेकायदा होता. त्यामुळे सेंटरला पोस्टमध्ये चेंडू मिळाला की तो आणि त्याचा रक्षक, अशी बरीचशी एकास एक लढत व्हायची. २००१-०२ पासून झोनला परवानगी मिळाली, मात्र कुणालाही न अडवता डीमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येणार नाही, ही अट आली. आम्ही भारतात फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी खेळलो, आमच्याकडे झोन कायमच होता. एक मुलगी माझ्या पुढे, एक मागे, आणि पास येण्याआधीच वाट बंद. अशा वेळी सेंटरला एकच मार्ग उरतो. डी सोडून फ्री थ्रोच्या रेषेवर यायचं, तिथं चेंडू घ्यायचा आणि कापत जाणाऱ्या मैत्रिणीला द्यायचा. ज्याला पास देता येतो तो सेंटर झोनमध्ये जगतो, हे आम्ही अगदी जवळून शिकलो.

म्हणून आर्विदास सबोनिसबद्दल मला अजिबात शंका वाटत नाही. लिथुआनियाचा, ७ फूट ३ इंच उंच, कौनासच्या झाल्गिरिस संघात वाढलेला. तो झोनविरुद्ध खेळतच मोठा झाला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघानं उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं, त्या संघाचा सेंटर तो. पोर्टलँडनं त्याला १९८६ मध्येच निवडलं होतं, पण तो तिथं पोचला १९९५ मध्ये, तिशी गाठून, टाचेवरचे स्नायुबंध फाटून झाल्यावर. जेमतेम उडी मारू शकणारा हा माणूस तरीही पाठीमागून, डोक्यावरून, एका हातानं असे पास द्यायचा की समोरचे पाच जण चेंडू शोधत राहायचे. बाहेरून थ्रीही घालायचा. डेन्व्हरचा निकोला योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ ला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो नेमक्या याच खेळावर. शाकीलला २००० मध्ये तो मान मिळाला होता. त्यानंतर सेंटरला तो मिळायला योकिचची वाट पाहावी लागली. योकिचलाही फारशी उडी नाही. सबोनिस विशीत, धड पायांनी, आजच्या डॉक्टरांच्या हाती असता तर त्याच्या घरात असे चषक किती असते, याचा अंदाज मला करवत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन संघ मुंबईत वरळीला खेळून गेले, त्यांपैकी इंडियाना पेसर्सकडून खेळत होता सबोनिसचा मुलगा दोमांतास. तोही मोठ्या अंगाचा आणि उत्तम पास देणारा.

आता बचाव. जुन्यांची खरी परीक्षा इथं आहे.

समजा स्टीफन करी चेंडू घेऊन येतो आहे. त्याचा उंच सहकारी पुढे येतो आणि करीच्या रक्षकाच्या वाटेत ठाम उभा राहतो. ही स्क्रीन. करी तिला खेटून वळतो आणि आता त्याच्यासमोर उरतो तो आपला सेंटर. सेंटर मागे रिंगजवळ थांबला, तर करी २४ फुटांवरून मोकळा शॉट मारणार. त्यानं २०१५-१६ च्या मोसमात असे ४०२ थ्री घातले. सेंटर पुढे आला, तर पाठीमागं सगळं मैदान मोकळं आणि समोर खेळातला सगळ्यात चपळ हात. एका हल्ल्यात नाही जमलं, तर पुढच्या हल्ल्यात तेच. सामनाभर त्याच एका माणसाला शोधून शोधून त्याच्यावरच स्क्रीन लावतात. शाकीलच्या बाबतीत हे त्याच्या ऐन उमेदीतही होत होतं. १९९८ मध्ये युटाच्या स्टॉकटन आणि मलोन या जोडीनं याच डावानं त्याच्या लेकर्सला ४-० धुतलं. शाकील आज आला तर रोज तीस गुण करील. त्याला अडवायला आज कुणाकडे १४७ किलोचा माणूस आहे? पण शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाला घाम फुटेल. एकीकडे बचावात त्याच्यावर स्क्रीन, दुसरीकडे हल्ल्यात त्याला मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवणं. तिथं तो निम्म्याच्या जरा वर घालायचा. तो चमकला असता, संघही जिंकले असते. पण २००० च्या अंतिम मालिकेत त्यानं सरासरी ३८ गुण केले तेव्हा जो दरारा होता, तो आज तसाच राहिला असता असं मी म्हणणार नाही.

सगळ्यांत अवघड गेलं असतं मार्क ईटनला. ७ फूट ४ इंच, मोटार दुरुस्तीचं काम करणारा माणूस. कुणीतरी पाहिलं आणि खेळात आणलं. १९८४-८५ मध्ये त्यानं ४५६ ब्लॉक केले, हा विक्रम अजून उभा आहे. तो रिंगसमोर उभा राहायचा आणि आत येणाऱ्याचं काही खरं नसायचं. आजचे संघ मुळी आत येण्याआधीच चेंडू कोपऱ्यात देतात.

इथं मुलं मला रूडी गोबेरचं उदाहरण तोंडावर मारतात. २०२१ च्या १८ जूनला लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सनी उंच सेंटर न खेळवता युटाला बाहेर काढलं. गोबेर त्याच वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. क्लिपर्सचा टेरन्स मॅन हा फारसा कुणाला माहीत नसलेला खेळाडू कोपऱ्यात उभा होता, त्याला अडवणं गोबेरकडे होतं, आणि मॅननं ३९ गुण केले. युटा २५ गुणांनी पुढे असूनही हरलं. पण तो सामना मी मुलांना थांबवून थांबवून दाखवला आहे. गोबेर कोपरा सोडून आत का येतो? कारण त्याचे सहकारी आपल्या खेळाडूला पुढे अडवू शकत नाहीत, आणि आत आलेल्याला थांबवायला एकटा गोबेर उरतो. तो आला नाही तर सोपा लेअप, आला तर कोपऱ्यातून मोकळा थ्री. चौघांची चूक एकाच्या माथी बसली. त्याच गोबेरनं २०२४ मध्ये तो पुरस्कार चौथ्यांदा घेतला. तेव्हा केवळ बचावावर जगणाऱ्या उंच माणसाला आज जागाच नाही, हे खोटं आहे. फक्त त्याचे पाय गोबेरइतके तरी चालले पाहिजेत.

बिल रसेलचे त्याहून चालले असते. रसेल ६ फूट १० इंच, अंगानं सडसडीत, उंच उडीतही निष्णात. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं. तो चेंडू ब्लॉक करून प्रेक्षकांत भिरकावत नसे, हलकेच आपल्या माणसाकडे ढकलायचा आणि तिथूनच धावतं आक्रमण सुरू व्हायचं. त्याच्या काळात ब्लॉक मोजतच नसत. एनबीएनं मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. आज स्क्रीननंतर सेंटरला छोट्या खेळाडूमागे धावावं लागतं, ते काम रसेलला आवडलंच असतं.

चेंबरलेनचं नाव निघालं की लोक आकड्यांत हरवतात. २ मार्च १९६२, हर्शी गावात न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात १०० गुण. त्या मोसमात सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड. हे आकडे आज होणार नाहीत, कारण तेव्हा एक संघ सामन्यात शंभराहून जास्त शॉट मारायचा आणि त्यांतले निम्म्याहून बरेच जास्त चुकायचे. चुकलेल्या प्रत्येक शॉटमागे एक रिबाउंड. आज शॉट नव्वदच्या आसपास असतात आणि चुकतातही कमी. पण मला चेंबरलेनमध्ये आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती त्याची बदलण्याची ताकद. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी करून चेंडू वाटायला सांगितलं. त्याची सरासरी २४ वर आली आणि फिलाडेल्फियानं बोस्टनची सलग आठ विजेतेपदांची साखळी तोडली. पुढच्या मोसमात एनबीएमध्ये सर्वाधिक असिस्ट त्याचे होते, ७०२. मग पस्तिशीत लेकर्सकडून तो बचाव आणि रिबाउंडचा माणूस झाला. १९७१-७२ च्या त्या संघानं सलग ३३ सामने जिंकले. एकाच कारकिर्दीत तीन वेगळे खेळ खेळलेल्या माणसाला चौथा जमला नसता, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"पण थ्री?" हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर अलीकडच्याच खेळाडूंनी दिलं आहे. ब्रूक लोपेझनं पहिल्या आठ मोसमांत मिळून ३ थ्री घातले होते. तो बोर्डाखालचा जुन्या वळणाचा सेंटर. २०१६-१७ मध्ये प्रशिक्षकानं त्याला रेषेबाहेर पाठवलं आणि त्या एका मोसमात त्यानं १३४ घातले. मार्क गसोलनं त्याच मोसमात तेच केलं. अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या वर्षी हे शिकता येतं. मग ज्याला बाराव्या वर्षापासून शिकवलं असतं त्या करीमला का नाही? त्याचा स्कायहुक म्हणजे रिंगकडे खांदा करून, एका हातानं, डोक्यावरून सोडलेला शॉट. ज्याच्या बोटांना ते जमलं त्याला सरळ उभं राहून मारायचा शॉट अवघड नव्हता. कारकिर्दीत त्यानं एकच थ्री घातला, कारण कुणी त्याला मारायला सांगितलंच नाही.

हे न सांगणं किती महाग पडतं, याचं एक उदाहरण आपल्या देशातलं आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, ७ फूट २ इंच. जून २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव लागलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. आम्हा प्रशिक्षकांना त्या दिवशी झोप लागली नव्हती. पण त्याच महिन्यात अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटनं आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बसवला, त्याच्या जागी सहा फूट सहा इंचांचा इगुडाला पहिल्या पाचात आणला आणि अजिंक्यपद नेलं. साऱ्या लीगची नजर त्या प्रयोगाकडे लागली असताना आपला मुलगा दारात उभा होता. एनबीएचा मुख्य सामना खेळायला त्याला कधीच मिळालं नाही. आपल्याकडे उंच मूल दिसलं की त्याला रिंगखाली उभं करतात आणि हात वर ठेवायला सांगतात. याचा मला मनापासून राग आहे.

आता हकीम. नायजेरियातल्या लागोसचा हकीम ओलाजुवान. लहानपणी तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, हँडबॉल खेळायचा; बास्केटबॉल हातात आला पंधराव्या वर्षाच्या आसपास. त्या दोन खेळांनी त्याचे पाय घडवले. नव्वदच्या दशकात केबलवर सकाळी सामने लागायचे, तेव्हा मी त्याच्यासाठी उठायचे. १९९३-९४ च्या मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, तिन्ही ठरला. त्याच्या नावावर ३,८३० ब्लॉक आहेत, सर्वकालीन सर्वाधिक. पण मी मुलांना दुसरा आकडा सांगते. २,१६२ स्टील. चेंडू हिसकावण्याचा हा आकडा एखाद्या चपळ गार्डचा वाटेल. सेंटरमध्ये एवढा दुसऱ्या कुणाचाच नाही. स्क्रीननंतर बाहेर येऊन छोट्या खेळाडूला अडवणं त्याला त्या काळातही जमत होतं.

शिवाय त्याचा ह्यूस्टनचा संघ आजच्यासारखाच खेळायचा. प्रशिक्षक रूडी टॉमजानोविच त्याला आत ठेवायचे आणि थ्री मारणारे त्याच्याभोवती बाहेर. दोघं हकीमवर आले की पास बाहेर. १९९४ आणि १९९५ ची अजिंक्यपदं या रचनेनं आली. आज सगळे संघ जी मोकळी जागा निर्माण करायला धडपडतात, ती त्याला तीस वर्षांपूर्वी मिळाली होती आणि तिचं त्यानं काय केलं ते साऱ्यांनी पाहिलं.

१९९५ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत समोर होता सॅन अँटोनियोचा डेव्हिड रॉबिन्सन, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. दुसऱ्या सामन्याआधी त्याच्या हाती तो चषक दिला गेला. त्याच सामन्यात हकीमनं ४१ गुण केले. त्यातली एक चाल मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते. तो रॉबिन्सनला घेऊन आत शिरतो, गिरकी मारतो, चेंडू वर नेऊन हुक मारतोय असं भासवतो. रॉबिन्सन हवेत. कबड्डीत चढाईपटू जशी कमरेतून हूल देतो, तशी ती हूल. हकीमचा एक पाय जमिनीला खिळलेला, दुसरा रॉबिन्सनच्या काखेखालून पुढे सरकतो, आणि चेंडू अलगद रिंगमध्ये. रॉबिन्सन स्वतः त्या काळातला उत्तम बचावपटू होता, हे विसरू नये.

हकीम निवृत्त झाल्यावर कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स त्याच्याकडे पायांची भाषा शिकायला गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर वेम्बान्यामाही गेला. हा मुलगा ७ फूट ४ इंच उंच आहे, चेंडू घेऊन गार्डसारखा धावतो, २४ फुटांवरून थ्री मारतो. उद्याचा सेंटर कसा असेल असं विचारलं तर सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात.

म्हणून प्रशिक्षक आणि पालक हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. तुमच्याकडे वर्गातल्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला डीमध्ये उभी करू नका. या आठवड्यात तिच्या हाती चेंडू द्या आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ड्रिबल करत न्यायला लावा. सुरुवातीला चेंडू पायाला लागून सुटेल. सुटू द्या.